व्यायलेली गाय माजावर का येत नाही?

भूमचा खवा असो की कुंथलगिरीचा पेढा, त्यामागं गोठ्यात राबणारे हात बहुतेक आपलेच. म्हणून आज गोठ्यातलंच बोलू.

गाय व्याली, दूधही चांगलं देते. पण तीन महिने झाले तरी माजावर येत नाही. आली तर भरवल्यावर उलटते. मग घरात सुरू होतं, ‘बाजार दाखवा तिला.’ आपणही मान डोलावतो. पण बऱ्याचदा खोट गाईत नसते, गव्हाणीत असते.

व्यायल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दूध सगळ्यात जास्त होतं. भूक पुरती वाढायला मात्र दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट गाय अंगावरची चरबी झिजवून भरते. ती खंगते, माज लांबतो किंवा मुका राहतो.

ही तूट भरायला बायपास फॅट कामी येतं. ‘घरचं करडईचं तेल पाजलं तर?’ असं कुणी विचारेल. तेल जास्त झालं तर कोठीपोटात कडबा नीट पचत नाही. बायपास फॅटमध्ये तेलातली स्निग्ध आम्लं कॅल्शियमशी बांधलेली असतात. ती कोठीपोटातून तशीच पुढं जातात आणि आतड्यात पचतात.

दहा लिटरच्या पुढच्या गाईला रोज 100 ते 150 ग्रॅम, खुराकात मिसळून द्यायचं. व्यायच्या आधी दहा दिवस थोड्यानं सुरुवात करायची आणि व्यायल्यावर 90 दिवस चालू ठेवायचं. रोज 100 ग्रॅम धरलं तर एका गाईला साधारण दहा किलो लागतं. गटातल्या पाच जणींनी मिळून आणलं तर सोपं पडतं. तीन-चार लिटरच्या गाईवर हा खर्च नको.

पण ही काही जादूची पुडी नाही. हिरवी वैरण, कुट्टी, खनिज मिश्रण आणि पोटभर पाणी आधी हवं. अंगावरून घाण वास येणारा स्राव जात असेल तर डॉक्टरांनाच बोलवायचं.

व्यायल्याची तारीख कॅलेंडरवर लिहू. दीड महिन्यापासून सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवू: हंबरणं, काचेसारखा चिकट स्राव. साठ दिवसांनंतर सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

गाईला भाकड म्हणायच्या आधी तिची गव्हाण बघू.