एक धूर, दोन व्याधी



इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यात वरवर पाहता कोणतेच साम्य नाही. धूम्रपानाची आवड मात्र दोघांनाही होती. सप्टेंबर १९५१ मध्ये कर्करोगामुळे राजांचे डावे फुप्फुस काढावे लागले. पाच महिन्यांच्या आतच त्यांचे निधन झाले. आइन्स्टाइन यांच्या पोटातील महारोहिणीला फुगा आला होता. १९४८ मध्ये शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी त्यावर सेलोफेनचे वेष्टन चढविले. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला. पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि १८ एप्रिल रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

एक व्याधी पेशींच्या बेबंद वाढीची, दुसरी रक्तवाहिनीच्या झिजेची. तरीही दोन्हींचे मूळ बहुधा एकच. धुरातील द्रव्ये फुप्फुसातील पेशींच्या जनुकांत बिघाड करतात. धुरामुळेच महारोहिणीच्या भिंतीतील लवचिक तंतू नष्ट होऊ लागतात. सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची ही वाहिनी तीन सेंटिमीटरपर्यंत फुगली, की तिला विस्फार म्हणतात.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचीच पाहणी आरंभिली. ती ५० वर्षे चालली. महारोहिणीच्या विस्फाराने होणारे मृत्यूही धूम्रपान करणाऱ्यांत कितीतरी अधिक, हे तीतूनच स्पष्ट झाले. म्हणूनच एक व्याधी आढळलेल्या रुग्णात दुसरीचाही विचार जाणते वैद्य करतात. दोन्ही एकत्र आढळल्यास आधी कोणती हाताळावी, हा शल्यविशारदांपुढचा बिकट प्रश्न असतो.

दोन्ही व्याधी आरंभी मूक असतात. खोकला येईपर्यंत गाठ वाढलेली असते. विस्फार तर फुटेपर्यंत कळतही नाही, आणि फुटल्यावर बहुतेकांना वाचविता येत नाही. तो शोधण्यास मात्र पोटाची साधी सोनोग्राफी पुरते. पासष्टी गाठलेल्या आणि कधीकाळी विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी ती एकदा तरी करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

याच पाहणीचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आशादायक आहे. धूम्रपानाने आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते. पन्नाशीत ते सोडणाऱ्यास त्यांतील सहा वर्षे परत मिळतात, साठीत सोडणाऱ्यास तीन. व्यसन सोडण्यास उशीर झाला, असे म्हणण्याची वेळ कधीच येत नाही.