शरीर आणि त्याला स्पर्श करणारे हात



आज आम्ही एका माहितीपटाविषयी बोलणार आहोत. व्हेरेना पॅराव्हेल आणि लुसिअन कॅस्टेंग-टेलर यांचा ‘दे हुमानी कोर्पोरिस फाब्रिका’ हा चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण पॅरिस परिसरातील रुग्णालयांत झाले आहे. चिमुकला कॅमेरा शस्त्रक्रियेच्या वेळी थेट शरीरात शिरतो. आतडी, मेंदू, डोळा, सिझेरियनने जन्मणारे बाळ हे सारे आपण पाहतो. सुरुवातीला आम्ही तोंड फिरवले. मग लक्षात आले की, कातडीच्या आत गेल्यावर हा माणूस कोणत्या कुळातला, हे सांगणारी एकही खूण दिसत नाही.

तथागतांनी भिक्खूंना हेच पाहायला शिकवले. ‘द्वत्तिंसाकारा’त केस, नखे, दात, त्वचा यांपासून शरीराचे बत्तीस भाग मोजले आहेत. त्यांत जात नावाचा भाग नाही.

चित्रपटाचे नाव आंद्रेआस व्हेसालियस यांच्या १५४३ सालच्या ग्रंथावरून घेतले आहे. त्या काळी प्राध्यापक उंच आसनावर बसून जुनी पोथी वाचत आणि खाली प्रेत कापण्याचे काम न्हावी करीत. वाचणारा श्रेष्ठ, हात लावणारा हलका! व्हेसालियस स्वतः खाली उतरले, त्यांनी सुरी हाती घेतली आणि गेलेनच्या अनेक चुका दाखवून दिल्या. गेलेनने प्राण्यांची शरीरे फाडून माणसाचे वर्णन केले होते. आपल्या देशात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी कलकत्त्यात शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांनाही विटाळाची रूढी मोडावी लागली. बंधूंनो, विटाळ मोडल्याशिवाय ज्ञान मिळत नाही.

या चित्रपटात शवागारातील कर्मचारी मृतदेहाला कपडे घालतात. ते पाहताना आमची मान खाली गेली. आमचे वडील वारले, तेव्हा एका माणसाने त्यांचा देह धुऊन, गुंडाळून आमच्या स्वाधीन केला. तो आपल्यातलाच होता. आम्ही कागदावर सही केली, पण त्याचे नाव विचारले नाही. ज्या तिरस्काराविरुद्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या लढलो, त्याचा अंश आमच्यातही शिल्लक होता.

भगवंतांनी अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः धुतले आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, असे सांगितले. तो हात आपला आदर्श आहे.

म्हणून दोन विनंत्या. रुग्णालयातील सफाई कामगार, आया, शवागारातील सेवक यांना नावाने हाक मारा, मान द्या. आणि घरच्यांशी बोलून देहदानाचा विचार करा. आम्ही अर्ज भरला आहे. आमच्या देहावर कोणी विद्यार्थी शिकेल, त्याला आमची जात दिसणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!