अहवालाचा सारांश

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) हे गाव पंचक्रोशीस ठाऊक आहे ते तेथील बिदर सहकारी साखर कारखान्यामुळे. सहकारी कारखान्याचा सभासद हा त्याचा मालक असतो आणि त्याला ऊस घालणारा शेतकरीही असतो. वार्षिक सभेच्या वेळी कोणत्याही कारखान्याचा अहवाल त्याच्या हाती पडतो, तेव्हा त्यात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचे शेरे असे पुष्कळ काही असते. ते सारे वाचण्यास सवड थोड्यांनाच. बहुतेकांचे मत पहिल्या पानावरच बनते आणि त्याच मताने ठरावास हात वर होतो. म्हणून ते पान, म्हणजे अहवालाचा सारांश, लिहिणे हे जोखमीचे काम होय.

प्रत्येक प्रकरणातील दोन-दोन ओळी उचलून एकापुढे एक मांडल्या की सारांश झाला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. वाचणाऱ्याला काय ठरवायचे आहे, हे आधी पाहावे आणि त्याला लागेल तेवढेच घ्यावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्याने हंगामात ३ लाख टन ऊस गाळला. सारांशात एवढेच लिहिले तर सभासद संतुष्ट होईल. परंतु साखरेचा उतारा १०.२ टक्क्यांवरून ९.८ वर आला असेल, तर १,२०० टन साखर कमी झाली, हे त्याला कोण सांगणार? उताऱ्याचा संबंध उसाच्या भावाशीही आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला. उतारा त्याखाली गेल्यास, साडेनऊ टक्क्यांपर्यंत, दरही उतरतो. तसेच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात. किती पैसे थकले आणि ते केव्हा मिळणार, हे पस्तिसाव्या पानावर ठेवून सारांशात नव्या इमारतीचे वर्णन केले, तर त्यातील एकही वाक्य खोटे नसेल. तरीही वाचणारा फसेल.

मोठ्या राज्यकारभारातही हीच अडचण येते. ९ ऑगस्ट १९४० रोजी, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांस व अधिकाऱ्यांस लांबलचक अहवालांविषयी एक टिपण पाठविले. मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडावेत आणि आकडेवारी व गुंतागुंतीचा तपशील परिशिष्टात घालावा, असे त्यांनी त्यात सुचविले होते.

सारांश छापला जातो आरंभी, पण लिहावा सर्वांत शेवटी. पहिल्या वाक्यात निष्कर्ष यावा, मग त्याची कारणे, आणि अखेरीस सभेपुढील प्रस्ताव व त्याचा खर्च. आकडा एकटा देऊ नये; त्याच्याशेजारी मागील वर्षाचा आकडा ठेवावा. मूळ अहवालात नाही असे काही सारांशात घालू नये, आणि अप्रिय गोष्ट वगळू नये.

सीमाभागात आणखी एक कसोटी हाताशी आहे. येथे एकाच सभेत कानडी, मराठी व उर्दू बोलणारे शेजारी-शेजारी बसतात. जे वाक्य ऐकताच शेजाऱ्याला त्याच्या भाषेत सांगता येते, ते सारांशात ठेवावे. जे सांगताना अडखळायला होते, ते पुन्हा लिहावे. मोठा अहवाल वाचू न शकणाऱ्या सभासदालाही आपल्या घामाचा हिशेब कळला पाहिजे. सारांश लिहिणाऱ्याने एवढे साधले, तर त्याने आपले काम चोख केले असे म्हणता येईल.