दोन मेघांमधला पूल

हिवाळ्याच्या रात्री व्याधाच्या खाली, दक्षिणेकडे अगस्तीचा तेजस्वी तारा दिसतो. त्याच्याही बरेच खाली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, दोन पांढुरके ढग आहेत. ऑस्ट्रेलियात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आपल्याला ते भाग्य नाही. धाकटा तर मुंबईच्या क्षितिजावर कधी येतच नाही. मॅगेलनच्या नावाने ते ओळखले जातात, पण दक्षिणेकडच्या आदिवासींना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. हे ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन खुज्या दीर्घिका. मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, धाकटा सुमारे २ लाख.

दोघांमधली जागा डोळ्यांना रिकामी दिसते. १९६३ साली हिंडमन, केर आणि मॅगी यांनी ऑस्ट्रेलियातून दाखवून दिले, की तिथे हायड्रोजन पसरला आहे. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही अशा लहरी टिपते. डोळ्यांना अंधार, पण अँटेनाला वायूचा अखंड पूल!

हा पूल बांधला कुणी? संगणकावरची गणिते सांगतात, की पंधरा-वीस कोटी वर्षांपूर्वी हे दोन मेघ एकमेकांच्या फार जवळून गेले. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तशीच ही ओढ. धाकटा हलका, म्हणून त्याचाच वायू जास्त खेचला गेला.

पुढे या पुलावर निळे, तप्त तारेही सापडले. खरी गंमत इथे आहे. असे भारी तारे जेमतेम एक-दोन कोटी वर्षे जगतात. ते धाकट्या मेघातून तेव्हाच निघाले असते, तर वाटेतच विझले असते. तेव्हा ते जन्मले पुलावरच, इतक्या विरळ वायूत! शिवाय या वायूत जड मूलद्रव्ये फारच थोडी. विश्वाच्या बालपणी वायू असाच होता, म्हणून अभ्यासकांना हा पूल हवाहवासा वाटतो.

२०१७ साली 'गाया' उपग्रहाच्या नोंदींवरून केंब्रिजच्या गटाने म्हाताऱ्या ताऱ्यांचाही एक पूल दाखवला, आणि तो वायूच्या पुलापासून सरकलेला निघाला. त्यांचे म्हणणे असे, की आकाशगंगेभोवतीच्या तप्त वायूने हायड्रोजनला मागे रेटले. ताऱ्यांना तो रेटा लागत नाही. पोलंडच्या निरीक्षकांना मात्र असा ठळक पूल आपल्या मोजणीत दिसला नाही.