टायर किलोमीटरने संपतो की वर्षांनी?

आजचा भाग टायरवर आहे. मागच्या भागात म्हटलं होतं की डेटाबेसवर बोलू, ते पुढे ढकललंय, कारण मधल्या काळात माझ्या घरी जे झालं ते आधी सांगायला हवं. थोडं गणित येणार आहे. कंटाळवाणं नाही, पैशांचं आहे.

मी हेंद्रेपाड्यात राहतो, बदलापूर पश्चिमेला. ऑफिस ऐरोलीत, म्हणजे रोजचा प्रवास लोकलचाच. ठाण्यापर्यंत मेन लाइन, तिथून ट्रान्सहार्बर. गाडी आहे, पण ती शनिवार-रविवारची. २०१६ ची कोरोला अल्टिस, सेकंड हँड. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा इंजिन, गिअर, एसी सगळं बघितलं. टायरपाशी वाकलो, नक्षीत बोट घातलं, चांगली खोल लागली. म्हटलं, चला, टायरचा खर्च वाचला. आधीच्या मालकाने हौसेने १७ इंची अलॉय बसवली होती. दिसायला झकास. खरं सांगायचं तर गाडी मला त्या चाकांमुळेच जास्त आवडली होती.

गेल्या दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, भाऊबीजेला ताईकडे जायचं ठरलं. ताई छत्रपती संभाजीनगरला असते. जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमणे आपल्याला कल्याणच्या पुढे लागूनच. आई, बाबा, मी आणि बायको, चौघांनी गाडीनेच जायचं, असा बेत. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत, मशीनवर काम केलेला माणूस. आदल्या दिवशी म्हणाले, "अरे, हवा भरून आण. आणि टायर नुसते बघू नकोस, त्याला हात लावून बघायला सांग."

पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने हवा भरली, मग मला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगितलं, आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला. थांबला. म्हणाला, "साहेब, इकडे या. हात लावा." आत, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मग टॉर्च मारून त्याने एक आकडा वाचून दाखवला: २३१७. "साहेब, ही गाडी हायवेला नेऊ नका."

२३१७ म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टायरवर डीओटी असं लिहून पुढे लांबलचक कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझा टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आठ वर्षं झाली. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, आणि ती बाजू आत गेली असेल तर उभ्या गाडीत दिसतच नाहीत. दोन वर्षं मी ती गाडी धुतोय, पुसतोय, आणि हा आकडा एकदाही वाचलेला नव्हता.

टेंगूळ कसं येतं? टायरच्या कडेच्या भिंतीत, साइडवॉलमध्ये, रबराच्या आत धाग्यांचा थर असतो. हवेचा दाब खरा तोच धरून ठेवतो. खड्ड्यात चाक आपटलं की टायर रिमच्या कडेवर चेपतो आणि आतले काही धागे तुटतात. मग तिथे फक्त रबर उरतं, ते फुगतं. पंक्चरसारखी दुरुस्ती याला नाही. आणि आपल्याकडे खड्डा शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. काटई रस्ता आहे, कल्याण-शीळ आहे, पावसाळ्यात तर घराच्या गल्लीतसुद्धा पाण्याखाली काय आहे ते देव जाणे.

आता समृद्धीचा भाग. तिथे कारला वेगमर्यादा १२० ची. काँक्रीटचा सरळ रस्ता, तासन्तास एकच वेग. टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला चेपते आणि सुटते, त्यात उष्णता तयार होते. हवा कमी असेल, ओझं जास्त असेल, वेग जास्त असेल तर आणखी. गावातल्या चाळीसच्या वेगात जे टेंगूळ गुपचूप बसतं, ते तिथे फुटू शकतं. २०२३ मध्ये अपघातांवरून ओरड झाली तेव्हा आरटीओची माणसं या महामार्गाच्या तोंडावर टायर तपासायला लागली, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगलंच झालं ते. पण गंमत बघा, माझ्या टायरला पाच मिलिमीटर नक्षी होती. कायद्याने लागते १.६. माझी गाडी त्या तपासणीतून सहज पास झाली असती.

भाऊबीजेला आम्ही कल्याणहून तपोवन एक्सप्रेसने गेलो. गर्दीत, उभ्याने. बाबांनी वाटेत टायरचा विषय एकदाही काढला नाही, आणि मला ते जास्त लागलं.

परत आलो आणि मी आपल्या सवयीने स्प्रेडशीट उघडली. १७ इंची, २२५/४५ आर १७ या मापाचे भाव काढले. तीन प्रकार मिळाले, कंपन्यांची नावं घेत नाही. महागडा: नगाला १२,५००, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ७०,००० किलोमीटर चालणारा. मधला: ८,५००, चालणार ४५,०००. स्वस्त: ६,०००, चालणार ३०,०००. चार टायरची किंमत भागिले किलोमीटर केलं. महागडा ७१ पैसे किलोमीटर, मधला ७६, स्वस्त ८० पैसे. म्हणजे महाग तेच स्वस्त! दुकानदारही हेच सांगत होता, "सर, एकदाच घ्या, चांगलं घ्या." मी जवळजवळ पैसे भरले होते.

मग त्याच शीटमध्ये एक रकाना वाढवला: मी वर्षाला किती चालवतो? ओडोमीटरवरून काढलं, सात हजार किलोमीटर. ७०,००० किलोमीटरचा टायर संपवायला मला दहा वर्षं लागतील. आणि रबर तेवढी वाट बघत नाही. ऊन, हवेतला ओझोन, उष्णता यांनी ते कडक होतं, बारीक भेगा पडतात. चालणाऱ्या टायरमध्ये रबर सारखं ताणलं जातं, त्यामुळे त्यातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत तेही कमी होतं. टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी वापरू नका. काही गाडीवाल्या कंपन्या सहा वर्षांवरच बदला म्हणतात. आपलं ऊन बघता मी सहा धरले.

सहा गुणिले सात हजार, ४२,००० किलोमीटर. माझ्यासाठी कुठलाच टायर यापुढे चालत नाही, त्याच्यावर काहीही लिहिलेलं असो. आता परत भागाकार. महागडा टायर १ रुपया १९ पैसे. मधला ८१ पैसे. स्वस्त ८०, कारण तो ३०,००० लाच संपतो आणि परत घ्यावा लागतो. मधला आणि स्वस्त यांच्यात सहा वर्षांत चारशे रुपयांचा फरक. चारशे रुपयांसाठी पावसात ब्रेक कमी लागणारा टायर कोण घेईल?

आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण टॅक्सी चालवतो, महिन्याला पाच हजार किलोमीटर. त्याला हेच शीट दाखवलं तर त्याचं उत्तर उलटं येतं. त्याचा ७०,००० चा टायर चौदा महिन्यांत संपतो, वयाचा प्रश्नच नाही. त्याने महागडाच घ्यावा. म्हणून "कुठला टायर टिकाऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, महिन्याला किती चालवता?

टिकाऊपणाचा आणखी एक आकडा काही टायरवर असतो, ट्रेडवेअर. ३००, ४००, ५०० वगैरे. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर टायर साधारण ११,६०० किलोमीटर पळवतात, झीज मोजतात, आणि १०० धरलेल्या टायरशी तुलना करतात. पण आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये फार भरवसा नको. आणि रबर कडक केलं की झीज कमी होते, पण ओल्या रस्त्यावरची पकड सुटू शकते. चांगल्या टायरमध्ये सिलिका वगैरे घालून दोन्ही साधायचा प्रयत्न करतात, त्याचे पैसे लागतात. बदलापुरात चार महिने पाऊस आहे, मी पकडीच्या बाजूने मत देतो. कायदा १.६ म्हणत असला तरी पावसाळ्यापूर्वी तीनच्या खाली आलेला टायर मी ठेवणार नाही.

आता चाकाच्या मापाकडे या, कारण खरी बचत तिथे निघाली. दरवाजाच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर माझ्या गाडीचं मूळ माप होतं २०५/५५ आर १६. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ म्हणजे रिम इंचात. हिशेब करा, पूर्ण चाकाचा व्यास ६३२ मिलिमीटर येतो. २२५/४५ आर १७ चा येतो ६३४. व्यास जवळजवळ तोच, स्पीडोमीटर बिघडत नाही. फरक भिंतीत: १०१ मिलिमीटरऐवजी ११३. बारा मिलिमीटर जास्त रबर, खड्डा आणि रिम यांच्यामध्ये. माझं टेंगूळ याच बारा मिलिमीटरमुळे आलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला संशय आहे.

शिवाय २०५/५५ आर १६ हे माप व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया यांनाही येतं. म्हणजे माल सगळीकडे, खप जास्त, आणि दुकानात टायर पडून राहत नाही. जून २०२० मध्ये सरकारने कारच्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यानंतर कमी खपाच्या मोठ्या मापांत निवड आणखी आखडली. मला १७ मध्ये एका दुकानाने दीड वर्ष जुना टायर "एकच सेट आहे, आज घ्या" म्हणून दाखवला होता. (आपल्या अंबरनाथला सिएटचा कारखाना आहे, तिथून थेट स्वस्तात मिळेल का, असं मला एका मित्राने विचारलं. नाही रे बाबा, तिथे ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रांचे टायर बनतात.)

तर मी उलटं केलं. १७ ची अलॉय पंधरा हजारांना विकली. कंपनीच्या मूळ १६ इंची रिम सोळा हजारांत मिळाल्या. लोक मोठी चाकं बसवतात आणि जुन्या दुकानातच टाकून जातात, त्यातल्या. चारही रिम मशीनवर फिरवून, वाकलेल्या नाहीत हे बघून घेतल्या. टायर मधल्या प्रकारचाच, १६ मध्ये नगाला ६,८००. म्हणजे २७,२०० टायरचे, रिमचा वरखर्च हजार, एकूण २८,२००. १७ मध्ये तोच टायर ३४,००० ला पडला असता.

भावाबद्दल एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पुष्कळांना वाटतं भाव दहा टक्क्यांनी उतरला पाहिजे. तसं नाही. पूर्वी १२८ ला मिळायचं ते आता ११८ ला, म्हणजे पावणेआठ टक्के. पण तेवढा तरी उतरलाय का, हे जुनं कोटेशन काढून बघा.

दुकानात मी एकच हट्ट धरला: बसवण्याआधी चारही टायरचे डीओटी मला वाचू द्या. दुकानदार हसला. "वर्षभरापूर्वीचा म्हणजे नवाच असतो, सर." त्याचं अगदी चूक नाही, सावलीत नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर मीही घेतला असता. पण आपलं गणितच वर्षांचं आहे, तर सुरुवातीलाच एक वर्ष का द्या? मला ३४२५ मिळाले, ऑगस्ट २०२५ चे. चारही आकडे बाहेर दिसतील असे बसवायला सांगितले आणि बिलावर लिहून घेतले. लोड इंडेक्स ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, मूळ टायरइतकाच. हा आकडा कमी असलेला टायर कोणी खपवत असेल तर घेऊ नका. अलाइनमेंट, बॅलन्सिंग केलं. नायट्रोजन नको म्हटलं, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

जुन्या टायरचे दुकानदार नगाला पाचशे देत होता. मी हो म्हणणार होतो. बाबा सोबत होते, त्यांनी विचारलं, "यांचं पुढे काय करता?" तो म्हणाला, तीन चांगले आहेत, घेतं कोणीतरी, चौथ्याचं बघू. बाबांनी त्याच्याकडून मोठी सुरी मागितली आणि टेंगूळ आलेल्या टायरची भिंत स्वतः वीतभर कापली. मग बाकीचे तीन उलटे करून त्यांच्यावरचे आकडे वाचले. तिन्ही २३१७. तेही कापले. दोन हजार रुपये गेले. दुकानदार काही बोलला नाही, मीही नाही.

डिसेंबरमध्ये आमणेवरून समृद्धीने ताईकडे जाऊन आलो. डेटाबेसचा भाग पुढच्या वेळी, नक्की.