पोहणाऱ्यांचे आरोग्य आणि पाण्याची शुद्धता



इंदूर जिल्ह्यात हातोदजवळ गंभीर नदीवर यशवंत सागर हा जलाशय आहे. होळकर राजवटीत इंदूरच्या पाणीपुरवठ्यासाठी तो बांधण्यात आला. पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून २०२२ मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. अशी तळी, नदीचे डोह, शेतातील विहिरी आणि जुन्या बावड्या माळव्यात व महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. उन्हाळा लागला की कमरेला डबा किंवा भोपळा बांधून मुले पोहावयास शिकतात आणि तरबेज झाली की काठावरून सूर मारतात. पोहणे हा उत्तम व्यायाम होय. त्यात बुडण्याचा धोका असतो हे सर्वजण जाणतात. परंतु दूषित पाण्यातील रोगजंतूंच्या धोक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. शिवाय पिणाऱ्याच्या केवळ पोटात जाणारे पाणी सूर मारणाऱ्याच्या नाकात, कानांत, डोळ्यांत आणि त्वचेवरील जखमांतही शिरते. त्यामुळे रोगास अनेक वाटा मोकळ्या होतात.

पहिली वाट तोंडाची. पोहताना नकळत पाणी गिळले जाते. त्यात मैला मिसळला असल्यास पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू पोटात जातात. दुसरी वाट जखमेची. उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खरचटलेल्या त्वचेतून शरीरात प्रवेश करतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. तीव्र ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे होत. तिसरी वाट कानाची. कानात पाणी साचून राहिल्यास आतील त्वचा सुजते व ठणका लागतो. कानात काडी फिरविल्याने किंवा तेल घातल्याने हा विकार बळावतो. कान फुटलेल्या व्यक्तीने बुडी मारूच नये.

चौथी वाट नाकाची. ती क्वचितच धोक्याची ठरते, पण ठरली तर अत्यंत घातक असते. उबदार, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अतिसूक्ष्म जीव वाढतो. तो पिण्यातून बाधत नाही. सूर मारताना पाणी जोराने नाकात गेले तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळात २०२४ मध्ये या रोगाने काही मुले दगावली. त्याच वर्षी तेथील एक चौदा वर्षांचा मुलगा मात्र वेळीच निदान व उपचार झाल्याने वाचला.

पोहणारा पाण्यातून रोग घेतो, तसा तो पाण्याला रोग देतोही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीवाटे रक्त जाण्याचा शिस्टोसोमा कृमीचा रोग असल्याचे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग्याच्या लघवीतून या कृमीची अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेले जीव गोगलगाईत वाढतात आणि नंतर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. नारूचेही असेच होते. रोग्याने पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडविला की नारू पाण्यात पिल्ले सोडी आणि ते पाणी पिणाऱ्यांना पुढे नारू होई. महाराष्ट्र व मध्य प्रदेशही या रोगाने ग्रस्त होते. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे या साध्या उपायांनी त्याचे उच्चाटन झाले. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. लोकांनी मनावर घेतले तर काय साध्य होते, याचे हे उदाहरण आहे.

यावरून पहिला नियम ठरतो तो असा : पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत कोणीही उतरू नये. पोहण्यासाठी गावाने वेगळी विहीर नेमून द्यावी. तीत सांडपाणी येऊ देऊ नये, गुरे धुऊ नयेत व तिचे नियमित निर्जंतुकीकरण करावे. एक हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाण्याची खोली पाच मीटर असेल, तर पाणी सुमारे ६२,८०० लिटर भरते व पावडर सुमारे १५७ ग्रॅम लागते. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून गावातील विहिरीवरच करवून घ्यावे. पावडर दोन बादल्यांत कालवून निवळू द्यावी, वरची निवळी विहिरीत मिसळावी आणि किमान एक तास कोणी पाण्यात उतरू नये.

तलाव किंवा नदी अशा प्रकारे शुद्ध करता येत नाही. तेथे स्वतःच दक्षता घ्यावी लागते. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये. अंगावर उघडी जखम असताना किंवा जुलाब होत असताना पोहू नये. कोमट, साचलेल्या पाण्यात सूर मारू नये, मुटका मारू नये व तळातील गाळ ढवळू नये; उतरणे भागच असेल तर नाक चिमट्याने बंद ठेवावे. बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवावे व कान कोरडे करावेत.

पोहून आल्यानंतर पंधरवड्यात ताप, तीव्र डोकेदुखी, ओकाऱ्या, मान ताठरणे किंवा कावीळ यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे डॉक्टरांना मूल कोठे व केव्हा पोहले हे आवर्जून सांगावे. मार खाण्याच्या भीतीने मुले ही गोष्ट लपवितात आणि निदानास उशीर होतो. पालकांनी पोहण्याबद्दल शिक्षा करण्याचे टाळले, तर मूल खरे सांगेल आणि त्या एका माहितीने त्याचा जीव वाचू शकेल.