हाडातला धातू काढताना

(ट्रस्टच्या महोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हाडांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो गुडघेदुखीवर बोलणार, कॅल्शियमच्या गोळ्या सांगणार आणि मांडी घालून बसू नका असे बजावणार, अशी आपली अटकळ असेल. ती आज खोटी ठरणार आहे. आमचा विषय त्याहून रुक्ष आहे. मोडलेले हाड सांधण्यासाठी घातलेली पट्टी, सळई वा स्क्रू, किंवा बसविलेला कृत्रिम सांधा, पुढे कधी काढावा लागला तर तो कोणत्या हत्यारांनी काढतात, हा तो विषय. तो निवडण्याचे कारण आपल्या ट्रस्टमध्येच आहे. वैद्यकीय साहाय्य समितीचे सल्लागार म्हणून आमच्यापुढे अर्ज येतात. त्यांत "रॉड काढणे" असे लिहिलेला अर्ज निघाला की समितीतील कोणी ना कोणी म्हणतोच, "घालताना आपण मदत केली होती, आता नुसते काढायला कितीसे लागणार?" आपल्या नियमांतही ही शस्त्रक्रिया किरकोळ शस्त्रक्रियांच्या वर्गात घातलेली आहे. तो वर्ग बदलावा असे आमचे म्हणणे आहे. आणि ते का, हे समजण्यासाठी हत्यारांची पेटीच उघडणे बरे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शरीरात घातलेला धातू काढलाच पाहिजे असे मुळीच नाही. मोठ्या माणसाचे हाड नीट सांधले असेल, दुखत खुपत नसेल, तर सळई जन्मभर आत राहिली तरी बिघडत नाही. हाताच्या पुढच्या भागातील पट्ट्या तर शक्यतो हलवू नयेत, कारण तेथे नसा जवळ असतात व पट्टी काढल्यावर तेच हाड पुन्हा मोडल्याची उदाहरणे आहेत. काढावे लागते ते पू झाला तर, सळई अथवा पट्टी स्वतःच मोडली वा सैल झाली तर, स्क्रूचे डोके कातडीखाली टोचत असेल तर, वाढत्या वयाच्या मुलाचे हाड असेल तर, किंवा त्याच जागी पुढे सांधा बदलावयाचा असेल तर. काही कुटुंबांत अशी समजूत आढळते की शरीरात लोखंड घेऊन जाऊ नये. अस्थी गोळा करताना राखेत सळई सापडली म्हणून बेचैन झालेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. त्यात दोष मानण्याजोगे काही नाही. दहनापूर्वी काढावे लागते ते हृदयाचे पेसमेकर यंत्र, कारण त्यातील बॅटरी अग्नीत फुटते. मांडीतील सळईला तसले भय नाही.

आता हत्यारांकडे वळू. जुन्या लोकांनी काढण्याचा विचार घालतानाच केलेला होता. जर्मनीतील कील शहरी गेरहार्ट क्युन्चर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई ठोकून हाड सांधण्याची पद्धत सुरू केली. युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या हाती सापडलेले अमेरिकन सैनिक परतले तेव्हा त्यांच्या मांडीतील या सळया क्ष-किरण चित्रांत पाहून तिकडचे डॉक्टर थक्क झाले. आपल्याकडे हीच सळई "के-नेल" या नावाने कित्येक दशके सरकारी इस्पितळांतून वापरली गेली. तिचा छेद त्रिदलासारखा, आतून पोकळ, आणि टोकाला एक लांबट भोक. ते भोक शोभेचे नव्हते. हाड सांधल्यावर त्यात आकडा अडकवावयाचा, आकड्याच्या दांड्यावर खाच असलेला जड हातोडा सरकवून उलट दिशेने ठोके द्यावयाचे, म्हणजे सळई आली त्या वाटेने वर येते. विहिरीत पडलेली घागर गळाने काढतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे घागरीला गळासाठी कडी आधीच बसविलेली असे.

असेच दुसरे उदाहरण खुब्याचे. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी १९४० साली हॅरोल्ड बोलमन यांच्यासमवेत धातूचा खुबा बसविला. पुढे त्यांच्या नावाचा जो खुबा प्रचारात आला तो आपल्याकडील हजारो वृद्ध स्त्रीपुरुषांना बसला आहे. या सभागृहातही काही असतील. त्याच्या खांद्याशी ओढून काढण्यासाठी भोक आहे. परंतु त्याच्या दांड्याला दोन खिडक्याही आहेत, व त्यांतून हाड वाढून आरपार जाते. खुबा घट्ट बसावा म्हणून केलेली ही सोय काढतेवेळी अडचण होते. खिडक्यांतील ते हाड बारीक छिन्नीने वा ड्रिलने आधी तोडल्यावाचून आकडा लावून ठोके दिले, तर खुबा येण्याऐवजी मांडीचे हाडच उभे फाटते.

खरी कटकट स्क्रूंची. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आदी शल्यवैद्यांनी एओ नावाचा अभ्यासगट स्थापिला व पट्ट्या, स्क्रू आणि त्यांची हत्यारे यांची मापे ठरवून टाकली. साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूच्या डोक्यात साडेतीन मिलिमीटरचा षट्कोनी खळगा, साडेतीनच्या स्क्रूला अडीचचा. हे मोठे उपकारक काम झाले, कारण एका गावी घातलेला स्क्रू दुसऱ्या गावी निघू शकला. पुढे तारकाकृती खळग्याचे स्क्रू आले. मग या शतकाच्या आरंभी पट्टीच्या भोकातही आटे असलेल्या नव्या पट्ट्या आल्या. त्यांत स्क्रूचे डोके पट्टीतच पिळून बसते. ठिसूळ हाडांना या पट्ट्या वरदान आहेत. मात्र स्क्रू जरा तिरका गेला, किंवा ठरलेल्याहून अधिक जोराने आवळला, तर त्याचे आटे पट्टीच्या आट्यांत रुतून बसतात. म्हणून तो आवळण्यासाठी जोर मोजणारी मूठ असते. साडेतीनच्या स्क्रूला ती दीड न्यूटन-मीटरवर सुटते. घाईच्या जागी ही मूठ न वापरता यंत्रानेच स्क्रू आवळून टाकतात, आणि त्याचे फळ दोन-चार वर्षांनी दुसऱ्याच शल्यवैद्याच्या पदरी येते. राजकोट, अहमदाबाद आणि आपले वडोदरा येथेही या वस्तू तयार होतात, परदेशाहूनही येतात, आणि सर्वांची मापे सारखी असतीलच असा भरवसा धरता येत नाही.

स्क्रू काढण्याची पहिली पायरी कोणाला हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे. डोक्यातील खळग्यात हाड व मांस भरलेले असते, ते तीक्ष्ण आकड्याने कोरून काढावयाचे. पेचकस तळापर्यंत बसला पाहिजे, नेमक्या मापाचा पाहिजे, झिजलेला नको, आणि पहिला पीळ हातानेच द्यावयाचा. शंभर स्क्रूंपैकी बहुतेक येवढ्यावर निघतात. उरलेल्यांपैकी एखाद्याचे डोके आतून गोल होते व पेचकस नुसता फिरत राहतो. येथून पेटीतील दुसरा कप्पा उघडतो.

आपल्या मंडळींत कलाभवनात शिकलेले, लेथवर आयुष्य काढलेले पुष्कळ आहेत. त्यांना हा कप्पा पाहून जुना सोबती भेटल्यासारखे वाटेल. इंजिनात बोल्ट मोडून बसला की कारागीर उलट्या आट्यांचा शंकू त्यात घालून डावीकडे फिरवितो; शंकू जसजसा आत चावतो तसतसा बोल्ट बाहेर येतो. आमचा शंकूही हाच. तोही हरला तर कार्बाइडच्या कठीण ड्रिलने स्क्रूचे डोकेच खाऊन टाकावे लागते, पट्टी उचलावी लागते, आणि हाडात उरलेला दांडा पकडीने फिरवून काढावा लागतो. दांडा हाडाच्या आतच मोडला असेल तर पोकळ नळीची करवत त्याच्याभोवती फिरवून हाडाचा वर्तुळाकार भाग कोरतात, मग उलट्या आट्यांची नळी दांड्यावर चढवून तो बाहेर आणतात.

कारागिराला मात्र दोन सवलती आहेत, त्या आम्हांला नाहीत. तो बोल्टला गॅसची ज्योत दाखवू शकतो. हाड सत्तेचाळीस अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापले तरी त्याच्या पेशी मरू लागतात. म्हणून ड्रिल चालू असताना पाण्याची धार सतत सोडावी लागते. शिवाय कारागिराच्या धातूचा कीस जमिनीवर पडतो व झाडून टाकता येतो. आमचा कीस रोग्याच्या मांसात पडतो. तो आत राहू नये म्हणून आधी जखमेच्या कडा ओल्या पट्ट्यांनी झाकावयाच्या आणि नंतर पुनःपुन्हा धुवावयाच्या, यातच कधी कधी प्रत्यक्ष स्क्रू काढण्याहून अधिक वेळ जातो. इकडे भूल चालू असते, रक्त जात असते.

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून समितीपुढील एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. आपल्याच समाजातील एक वृद्ध बाई. मांडीच्या हाडावर दुसऱ्या शहरी पट्टी बसविलेली, ती पुढे मोडली व चालणे बंद झाले. त्या शस्त्रक्रियेचे कागद घर बदलताना गहाळ झाले होते. क्ष-किरण चित्रात पट्टी दिसते, स्क्रू मोजता येतात; खळगा षट्कोनी की तारकाकृती, हे मात्र दर वेळी ओळखता येत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर षट्कोनी पेचकस होते आणि स्क्रू निघाले तारकाकृती. शोधाशोध करून एक पेचकस मिळाला, त्याने पाच स्क्रू आले, दोघांची डोकी गोल झाली. शंकूंची पेटी त्या इस्पितळात नव्हती. जखम शिवून बाईंना खोलीत आणले आणि नऊ दिवसांनी, पेटी भाड्याने मागवून, पुन्हा भूल दिली. बाई आज काठीने चालतात. परंतु दोन वेळची भूल, दोन वेळचे बिल, आणि आपल्या ट्रस्टची मदत किरकोळ वर्गातील, तीही एकाच वेळेची. उरलेल्या रकमेसाठी सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

सिमेंटने बसविलेला सांधा काढणे ही तर याहून वरची इयत्ता. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली रुजविलेल्या पद्धतीत खुबा एका रासायनिक सिमेंटने बसवितात. कालवल्यावर ते दहा-बारा मिनिटांत दगडासारखे होते, आणि खुबा सैल झाला तरी सिमेंटचे तुकडे हाडाला धरून बसतात. ते काढण्यासाठी हातभर लांबीच्या अरुंद छिन्न्या असतात. कित्येकदा मांडीचे हाडच एका बाजूने लांब फळीसारखे उघडून, आतले सिमेंट काढून, फळी पुन्हा तारांनी बांधावी लागते. घट्ट बसलेली वाटी काढण्यास तिच्या गोलाईबरहुकूम वाकविलेली पाती वाटी व हाड यांच्यामधून फिरवितात. गुडघ्याच्या धातूखालून तारेची करवत ओढतात. ही करवत इटलीतील जिली नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस अडलेल्या बाळंतिणींसाठी काढली होती. तिचा असा उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नीही नसेल.

धातू निघाला म्हणजे रोगी मोकळा झाला असेही नाही. स्क्रूंच्या जागी भोके राहतात, ती भरून येण्यास महिने लागतात, आणि तोवर हाड त्या जागी दुबळे असते. घरच्यांनी "आता काय, रॉड निघाला" म्हणून त्याला जिन्यावर गव्हाचे पोते घेऊन पाठवू नये.

तेव्हा विश्वस्त मंडळींपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. हाडातील धातू काढण्याची शस्त्रक्रिया किरकोळ वर्गातून काढून ती घालण्याच्या शस्त्रक्रियेच्या बरोबरीने धरावी. ठराविक रकमेऐवजी, विशेष हत्यारे भाड्याने आणावी लागल्यास त्यांचे भाडे वेगळे मंजूर करावे. समितीतील एक सन्मान्य सभासद म्हणतात की असे केले तर निधी आटेल. त्यांची काळजी खोटी नाही. कोठे तरी दुसरीकडे हात आखडावा लागेल. पण अर्ध्यावर सोडलेली शस्त्रक्रिया ही सर्वांत महाग शस्त्रक्रिया आहे, हे वरील प्रकरणाच्या बिलांवरून त्यांनाही दिसेल. तिसरी मागणी अशी की ट्रस्टच्या मदतीने ज्यांना धातू बसविला जाईल त्यांच्या अर्जाबरोबर वेष्टनावरील चिकटपट्टीची नक्कल घ्यावी. तीवर बनविणाऱ्याचे नाव, माप, धातू आणि क्रमांक छापलेला असतो. पोलाद की टायटॅनियम, तेही त्यावरून कळते. टायटॅनियमला हाड अधिक चिकटून धरते, म्हणून काढणाऱ्याला ते आधी ठाऊक असलेले बरे.

कुटुंबांनीही हे कागद इस्पितळातून निघतानाच मागून घ्यावेत आणि घराच्या वेऱ्याच्या पावत्या ठेवता त्याच पेटीत ठेवावेत. ती पेटी घर बदलताना कोणी विसरत नाही. ज्यांच्या शस्त्रक्रिया पूर्वीच झाल्या आहेत त्यांनी मूळ इस्पितळाला लेखी पत्र घालून शस्त्रक्रियेची टिपणी मागावी. जुन्या नोंदी ठराविक वर्षांनंतर नष्ट करतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर करू असे म्हणू नये. पत्राचा नमुना कार्यालयात छापून ठेवला आहे.

बाहेरच्या दालनात एका टेबलावर आम्ही जुनी के-नेल, तिचा आकडा व हातोडा, षट्कोनी आणि तारकाकृती पेचकस, व उलट्या आट्यांचे तीन शंकू मांडून ठेवले आहेत. चहा झाल्यावर अवश्य पाहावेत. मुलांनीही हाताळण्यास हरकत नाही, फक्त शंकूंची टोके अजून धारदार आहेत.